संत गाडगेबाबा आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे घर



वलगावचे नाव महाराष्ट्रात जिथे जिथे घेतले जाते, तिथे ते बहुधा एकाच कारणाने घेतले जाते. २० डिसेंबर १९५६ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, आपल्या गावाजवळ पेढी नदीच्या पुलावर संत गाडगेबाबांनी देह ठेवला. निर्वाणभूमी आपल्या सर्वांच्या पायाखालची आहे. दरवर्षी पुण्यतिथी येते तेव्हा आपल्याकडे नाताळची गव्हाणी सजवण्याची लगबग चाललेली असते. त्या गडबडीत पुण्यतिथीच्या मिरवणुकीला वाट करून देण्यापलीकडे आपण फारसे काही करत नाही. म्हणून या रविवारी बाबांविषयी चार गोष्टी सविस्तर सांगाव्यात असे आम्हांला वाटले.

बाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. सरकारने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हापासून तर खराटा आणि गाडगेबाबा हे समीकरणच झाले. ते चुकीचे नाही. पण जयंतीला नवा कोरा झाडू हातात घेऊन फोटो काढून घेणे सोपे असते आणि मग बाबांचे दुसरे काम झाकले जाते. ते काम म्हणजे धर्मशाळा. त्यातही आजाऱ्यासोबत दवाखान्यात आलेल्या माणसासाठी बांधलेली धर्मशाळा. आज आम्ही मुख्यतः त्याविषयी लिहिणार आहोत.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. घर परीट समाजाचे. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. हे गाव मूर्तिजापूर तालुक्यातले. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली आणि नांगर धरला. पुराच्या पाण्यात पोहण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते म्हणतात. शाळा मात्र त्याला मिळाली नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले.

मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. निरक्षर माणसाचा अंगठा कसा घेतला जातो आणि त्या अंगठ्याच्या शाईत शेत कसे बुडते, हे डेबूजीने घरातच पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनात कर्ज, दारू आणि अडाणीपणा या तीन गोष्टींवर ते तुटून पडत, त्याचे मूळ इथे आहे. बाप दारूने नेला आणि मामाला कर्जाने खाल्ले. ज्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात अनुभवजन्य ज्ञान म्हणतात ते हेच, आणि वर्गात बसून ते मिळत नाही.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची असे. डेबूजीने गोडधोडाचे साधे जेवण दिले आणि भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली. पुढे १ फेब्रुवारी १९०५ ला पहाटेच्या अंधारात त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि डोक्यावर फुटके मडके. तेच टोपी, तेच ताट आणि पाणी प्यायचे भांडेही तेच. लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले. बारा वर्षे असे भटकण्यात गेली.

घर सोडले त्या दिवशी घरात म्हातारी आई होती, बायको होती आणि लहान मुले होती. संतचरित्रे वाचताना आपण या ओळीवरून भराभर पुढे सरकतो. आम्ही सरकणार नाही. कुंताबाईंनी ते सगळे दिवस कसे काढले असतील याचा हिशोब कोणत्याही चरित्रात पुरा झालेला नाही. बाबांच्या थोरवीत त्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांना तो कोणी विचारून दिलेला नव्हता.

या भटकंतीत बाबांनी एक गोष्ट बारकाईने पाहिली. आपल्याकडचा गरीब माणूस गावाबाहेर दोनच कारणांनी जातो, देवासाठी किंवा दुखण्यासाठी. आणि गावाबाहेर पडला की त्याला पाठ टेकायला जागा नसते.

प्रथम देवाच्या वाटेकडे पाहू. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नदीकाठ निसरडा, उतरताना म्हातारीकोतारी घसरून पडत. बाबा स्वतः फावडे घेऊन तिथे पायवाट करू लागले, लोक हाताखाली आले आणि १९०८ मध्ये घाटाचे काम उभे राहिले. पंढरपूरचा प्रश्न याहून कठीण होता. आषाढीला लाखभर माणूस जमणार, वर पाऊस, खाली चिखल, चंद्रभागेचे वाळवंट घाणीने भरलेले, पिण्याचे पाणीही त्याच नदीचे. इंग्रजांच्या काळातल्या वाऱ्यांना पटकीचा शाप होता. पंढरपुरात लागलेली साथ परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव पोचत असे. बाबा पंढरीला जात, पण देवळात जात नसत. ते वाळवंट झाडत. हे नुसते भक्तीचे रूपक म्हणून सांगितले जाते तेव्हा आम्हांला थोडे वाईट वाटते. पटकी घाणीतून आणि दूषित पाण्यातून पसरते. ती घाण उचलणारा माणूस त्या वारीतला आरोग्य अधिकारीच होता, फक्त त्याला पगार नव्हता आणि शिक्का नव्हता.

पंढरीत आणखी एक दुखणे होते. तिथे मठ, वाडे, धर्मशाळा होत्या, पण ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना त्यांत जागा नव्हती. ज्या चोखोबांचे अभंग सगळी वारी गाते, त्या चोखोबांच्या जातभाईंनी पावसात उघड्यावर राहायचे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी करायला घेतली. १९१७ च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे १९४९ मध्ये त्यांनी ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. शिक्षण नसल्याने आपल्या माणसांचे काय होते हे ज्याने भोगले होते, त्याला आपली कष्टाने उभारलेली इमारत कोणाच्या हाती सुपूर्द करावी हे शिकवावे लागले नाही.

त्यानंतर धर्मशाळांची रांगच लागली. नाशिक, आळंदी, देहू ही मोठी नावे, आणि आपल्या वऱ्हाडात मूर्तिजापूर. मूर्तिजापुरात गोरक्षण आणि विद्यालयही आले. आंधळे, पांगळे, महारोगी यांना पंगतीला बसवून जेवू घालणे हा तर बाबांचा नेमच होता. महारोग्याच्या सावलीलाही माणसे भीत असत तो हा काळ. त्या रोगावरची परिणामकारक औषधे आपल्या देशात १९४० नंतरच हळूहळू येऊ लागली. आपल्या जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा इथे मिशनचे कुष्ठरुग्णालय आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन, ही दोन्ही ठिकाणे आपल्याला माहीत आहेत. त्या एकाच वेदनेची ही वेगवेगळ्या हातांनी केलेली शुश्रूषा आहे आणि त्यात कोणाचा धर्म कोणता हे रुग्णाने कधी विचारले नसेल.

आता पैशाविषयी लिहिले पाहिजे, कारण आमच्या मते बाबांच्या चरित्रातला सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच आहे. एवढ्या इमारतींना पैसा आला कुठून? कीर्तनातून. बाबा गावात येत ते पाहुणे म्हणून नव्हे. आले की आधी गाव झाडायला सुरुवात. कोणी पाया पडू लागला तर काठी उगारत. काम केल्याशिवाय भाकर घ्यायची नाही हा नियम. रात्री कीर्तन. त्यात पुराणातल्या कथा थोड्या आणि श्रोत्यांना विचारलेले प्रश्न फार. देव कोणी पाहिला, तो बोकड खातो का, पोराला शाळेत का घातले नाही, कर्ज काढून सण का केला. बोली अस्सल वऱ्हाडी, पण ती मुंबईच्या गिरणगावात कळे आणि कोकणातही कळे. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. या प्रसंगाचे पुष्कळ गुणगान झाले आहे. आम्ही त्यात भर घालत नाही. बापाचे मन त्या वेळी काय झाले असेल ते देवालाच ठाऊक.

अशा कीर्तनांत शेठजी बसत, गिरणीकामगार बसत, पोलीस शिपाईही बसत. लोक देणग्या देत. त्या पैशाला बाबा शिवत नसत. स्थानिक मंडळींची समिती नेमायची, पैसे त्यांच्याकडे, हिशोब त्यांच्याकडे. बाबांनी स्वतःच्या नावावर एक खोली केली नाही. धर्मशाळांत आपल्या कुटुंबीयांचा हक्क राहणार नाही ही त्यांची अट होती. महाराष्ट्रभर पक्क्या इमारती उभ्या राहत होत्या आणि बांधणाऱ्याची बायको झोपडीत राहत होती.

कोणाचा गुरू होण्यास त्यांनी आयुष्यभर नकार दिला, शिष्य केला नाही, पंथ काढला नाही. पण संस्थेला नकार दिला नाही, हे लक्षात घ्यावे. सत्पुरुषाला संस्था मानवत नाही, हिशोबाच्या वह्या आणि विश्वस्तांच्या बैठका हे सगळे संसारी लोकांचे काम, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. बाबा निरक्षर होते, पण त्यांना हे पुरते कळले होते की प्रेम माणसाबरोबर मरते आणि छप्पर मागे उरते, तेही कोणीतरी रोज त्याची कौले पाहिली तरच. १९५० मध्ये मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. पुढे याच मिशनने धर्मशाळा आणि शिक्षणसंस्थांचे काम महाराष्ट्रभर चालवले.

आता दुखण्याची वाट. १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाबांनी धर्मशाळा बांधली. बाबांचे वय तेव्हा ७८. तीर्थक्षेत्रांतल्या इमारतींच्या मानाने ही छोटी गोष्ट वाटेल, पण आम्हांला वाटते की त्यांच्या सगळ्या भटकंतीचे सार या एका कामात आले आहे.

जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचे. सरकारी, मोठे, नामांकित डॉक्टरांचे. गावाकडच्या डॉक्टरने हात टेकले की रुग्णाला मुंबईला न्या म्हणायचे ही रीत आजची नाही. वऱ्हाडातून मुंबई साडेसहाशे किलोमीटर. लक्षात ठेवा, १९५४ मध्ये अमरावती मध्य प्रदेशात होती, आपला वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. म्हणजे इथला शेतकरी आजारी बायकोला घेऊन निघाला की परक्या राज्यात, परक्या शहरात उतरायचा. रुग्णालयात पोचल्यावर रुग्णाला खाट मिळते. तिच्याबरोबर आलेल्याला काय मिळते?

आपल्यापैकी अनेक घरांनी हे भोगले आहे, त्यामुळे आम्ही फार वर्णन करणार नाही. वॉर्डाबाहेरचा व्हरांडा, जिन्याखालची जागा, झाडाचा पार, नाहीतर फुटपाथ. वर्तमानपत्र अंथरून झोपायचे, चपला उशाशी ठेवायच्या. सकाळी रखवालदार उठवतो. अंघोळ कुठे करायची, धुणे कुठे वाळवायचे, बाईमाणसाने कुठे जायचे. आजाऱ्याला डॉक्टरांनी लिहून दिलेले पथ्याचे पातळसर काही करून द्यायचे तर चूल कुठे पेटवायची. बाहेरच्या खाणावळीत दोन वेळ जेवले तर आठ दिवसांत गाठीचे पैसे संपतात.

आणि हा सोबती रुग्णालयाच्या दृष्टीने फालतू माणूस नसतो. औषध तोच आणतो, रक्त तोच देतो, कपडे तोच धुतो, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही किंवा अंगठा त्याचाच असतो. रात्री रुग्ण घाबरली की हात त्याचा धरते. तो थकला, आजारी पडला किंवा पैसे संपून गावी निघाला, तर बहुतेक वेळा रुग्णही त्याच्याबरोबर निघते. मग टाके तसेच, उपचार अर्धा. मोठ्या रुग्णालयाची यंत्रसामग्री, शिकलेले हात, फुकटची औषधे, सगळे जागच्या जागी असते, आणि एका माणसाला झोपायला सहा फूट जागा नाही म्हणून ते सगळे वाया जाते. हे नेमके गणित गाडगेबाबांना दिसले. कोणत्याही आरोग्य खात्याच्या अहवालातून नव्हे, आयुष्यभर स्वतः उघड्यावर झोपल्यामुळे.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही प्रवचन करतो, तेव्हा सगळा भर शोमरोन्यावर असतो. पण त्या गोष्टीत एक उतारशाळाही आहे आणि तिचा मालकही आहे. ती उतारशाळा त्या वाटेवर नसती तर जखमा बांधून झाल्यावर त्या माणसाला नेले कुठे असते? शोमरोन्याने दोन दीनार दिले, राहिलेला खर्च परतताना देईन असे सांगितले आणि आपल्या कामाला गेला. त्याला जाता आले, कारण मागे एक घर होते.

धर्मशाळा हा शब्द आता आपल्या तोंडी थोडा कुत्सितपणे येतो, ही काय धर्मशाळा आहे का, असे आपण म्हणतो. मूळ कल्पना मात्र काटेकोर आहे. छप्पर, पाणी, संडास, स्वयंपाकापुरती जागा. जात विचारायची नाही. दारू चालणार नाही. जागा आपणच झाडून ठेवायची. याहून जास्त काही द्यायचे नाही, कारण जास्त दिले की थोड्यांना मिळते. जे. जे.च्या दारात बाबांनी दुसरे रुग्णालय काढले नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. ते काम सरकारचे आणि डॉक्टरांचे होते. सरकारला आणि डॉक्टरांना जी फट दिसत नव्हती तेवढीच त्यांनी भरली. मोठ्या मनाचे लोक पुष्कळदा सगळेच करायला जातात आणि काहीच धड होत नाही. आपल्या वाट्याचे काम ओळखणे यालाही विवेक लागतो.

बाबांचे शेवटचे दिवस आता थोडक्यात. शरीर थकले होते, दुखणी मागे लागली होती, तरी फिरणे थांबले नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात कीर्तन झाले, ते शेवटचे ठरले. त्याचे ध्वनिमुद्रण झालेले आहे, ज्यांना मिळेल त्यांनी अवश्य ऐकावे. आवाज थकलेला आहे, प्रश्न तेच आहेत. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. आंबेडकर गेले. बाबा आणि बाबासाहेब एकमेकांना मानत, वयाने बाबा पंधरा वर्षांनी थोर. त्यानंतर चौदा दिवसांनी वलगावच्या वाटेवरची ती रात्र आली. ते वऱ्हाडात परतले होते, प्रकृती बिघडली होती आणि मोटारीने अमरावतीला उपचारासाठी नेण्यात येत होते. पेढीच्या पुलावर प्राण गेला. ज्याने दवाखान्याच्या दारात दुसऱ्यांसाठी जागा करून ठेवली तो स्वतः दवाखान्यापर्यंत पोचला नाही. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. आपला अमरावती धर्मप्रांत त्या वेळी जेमतेम दीड वर्षाचा होता, मे १९५५ मध्ये तो स्थापन झालेला.

बाबा गेल्यावर काम थांबले नाही, आणि संस्थेविषयी आम्ही वर जे म्हटले त्याचा पुरावा हाच. १९५४ मध्ये, बाबांच्या हयातीतच, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले होते. आपल्या अमरावती विद्यापीठालाही ते पुढे मिळाले. पण बाबांना नावापेक्षा जे आवडले असते ते मुंबईत दादरला आहे. तिथे त्यांच्या नावाची धर्मशाळा चालते आणि तिच्यात मुख्यतः कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय तिथून जवळ. हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे आणि देशभरातून तिथे रुग्ण येतात. आपल्या वऱ्हाडातून जाणारेही कमी नाहीत. तंबाखू आणि खर्रा आपल्याकडे किती आहे हे आपण जाणतोच.

कर्करोगाचा उपचार कसा चालतो हे ठाऊक असेल तर धर्मशाळेचे मोल लगेच कळते. किरणोपचार म्हणजे ज्याला आपण शेक देणे म्हणतो, तो आठवड्यातले पाच दिवस, असे अनेक आठवडे चालतो. दर वेळी यंत्राखाली काही मिनिटेच. त्यासाठी रुग्णाला खाटेवर भरती करण्याची गरज नसते, आणि भरती केले तर खाटा पुरणारही नाहीत. म्हणजे रुग्णालय रुग्णाला रोज सकाळी बोलावते आणि दुपारी सोडून देते. केमोथेरपीही बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. मधल्या काळात अंगातली ताकद गेलेली, जंतुसंसर्गाची भीती, उलट्या. अशा माणसाने रोज शेकासाठी कुठून यायचे? मुंबईत महिना-दीड महिना खोली भाड्याने घ्यायची तर एकराचे शेत विकावे लागेल. पहिले दोन आठवडे शेक घेऊन पैसे संपले म्हणून घरी परतलेला रुग्ण, म्हणजे उपचार झाला असे कागदावर दिसणारा आणि प्रत्यक्षात न झालेला रुग्ण. दादरच्या धर्मशाळेत नाममात्र शुल्कात राहता येते, जेवणाची सोय दात्यांच्या मदतीने होते. एकाच दुखण्याची माणसे एकत्र राहतात, त्यामुळे केस गेलेल्या बाईला तिथे डोक्यावरचा पदर सावरत बसावे लागत नाही.

आपल्या धर्मग्रामातल्या कोणावर मुंबईला जाण्याची वेळ आली, तर काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जावे आणि धर्मशाळेविषयी विचारावे. जागा मर्यादित असते, त्यामुळे लगेच मिळेलच असे नाही, पण तिथल्या ताई-दादांना इतर स्वस्त सोयीही माहीत असतात. रुग्णालयाची फाईल आणि दोघांची ओळखपत्रे, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती जवळ असू द्याव्यात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते आणि एका सोबत्यालाही मिळते. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून घ्यावा लागतो आणि तो तिकीट काढण्याआधी लागतो. गाडी बडनेऱ्याहून आहे. निघण्यापूर्वी आम्हांला एक निरोप द्यावा, यापूर्वी जाऊन आलेल्या कुटुंबांशी गाठ घालून देऊ.